मेंदूवरील ध्वनिप्रयोग आणि सहकार्याची कसोटी

कवटीला छिद्र न पाडता मेंदूच्या खोल भागातील चेतापेशींवर हवा तो परिणाम घडवून आणता येईल काय, हा प्रश्न आता केवळ कल्पनेच्या प्रांतातला राहिलेला नाही. लंडनचे युनिव्हर्सिटी कॉलेज आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ येथील संशोधकांनी २०२५ साली एका संयुक्त प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सात स्वयंसेवकांच्या डोक्यावर २५६ ध्वनिस्रोत असलेले शिरस्त्राण चढवून, डोळ्यांकडून आलेले संदेश पुढे पाठविणाऱ्या थॅलॅमसमधील एका लहानशा केंद्रावर त्यांनी श्राव्यातीत ध्वनिलहरी एकवटल्या. एमआरआय यंत्रातून पाहता मेंदूच्या दृष्टिविषयक भागाचे कार्य बदललेले आढळले. एका प्रयोगात तर हा बदल निदान ४० मिनिटे टिकला.

या प्रयोगाचे महत्त्व ध्यानात येण्यासाठी आजवरच्या उपायांकडे पाहावे लागेल. कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत विद्युत्‌अग्र बसविण्याची शस्त्रक्रिया गुणकारी आहे. पण ती कवटी भेदूनच करावी लागते. १९८५ साली शेफील्ड येथे अँथनी बार्कर यांनी चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने बाहेरून मेंदू उद्दीपित करून दाखविला. नैराश्यावर आज ही पद्धत वापरली जाते. मात्र चुंबकीय क्षेत्राचा जोर खोलीबरोबर झपाट्याने ओसरतो, आणि ते नेमक्या बिंदूवर एकवटता येत नाही. ध्वनिलहरी खोलवर जातात आणि भिंगातून सूर्यकिरण एकवटावेत तशा एकवटताही येतात. मानवी कानाला साधारणतः २०,००० हर्ट्झपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. या कामासाठी वापरतात त्या लहरींची वारंवारता काही लाख हर्ट्झ असते.

याच ध्वनीची तीव्रता वाढविली तर पेशी उष्णतेने नष्ट करता येतात. हातांच्या असह्य कंपावर या तत्त्वाने करावयाच्या उपचाराला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ साली मान्यता दिली. येथे चर्चा आहे ती कमी तीव्रतेच्या, पेशींना इजा न करता त्यांचे कार्य तात्पुरते बदलणाऱ्या लहरींची. ही कल्पनाही नवी नव्हे. विल्यम फ्राय व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये मांजरांच्या थॅलॅमसमधील याच दृष्टिकेंद्रावर ध्वनी सोडून दृष्टीचे संदेश काही काळ दाबून दाखविले होते. त्यानंतर हा विषय बराच काळ मागे पडला. विल्यम टायलर यांच्या गटाने २००८ पासून उंदरांवर केलेल्या प्रयोगांनी त्याला पुन्हा चालना मिळाली, आणि २०१४ मध्ये मानवी मेंदूवरील परिणामांची नोंद प्रसिद्ध झाली.

या प्रगतीला खीळ घालील असा एक प्रसंग २०१८ साली आला. मिनेसोटा विद्यापीठ आणि कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील दोन स्वतंत्र गटांनी गिनीपिग व उंदीर यांच्यावरील प्रयोगांतून दाखवून दिले की, ध्वनीचा थेट परिणाम म्हणून जे नोंदले जात होते, त्यातील बराच भाग श्रवणेंद्रियांच्या मार्गाने घडत होता. ध्वनीच्या स्पंदांमुळे कवटीत निर्माण झालेली कंपने प्राण्याला ‘ऐकू’ येत होती. गिनीपिगच्या श्रवणतंतूंचा छेद घेतल्यावर मेंदूतील ती हालचालही थांबली. संशोधन थांबविण्याचे कारण यातून कोणाला मिळाले नाही. मात्र तुलनेसाठी खोटा ध्वनी ऐकविण्यासारख्या खबरदाऱ्या कशा घ्याव्यात, याचा विचार सर्वांना करावा लागला. एका प्रयोगशाळेला तिची स्वतःची फसगत सहसा दिसत नाही. ती दाखवून देण्यास दुसरी लागते. सहकार्याची खरी गरज आहे ती येथे.

दुसरी अडचण कवटीची. हाडाची जाडी व घनता माणसागणिक वेगळी असते, आणि ध्वनी त्यातून जाताना वळतो, शोषला जातो. म्हणून मेंदूत नेमका किती दाब कोठे पोहोचला हे संगणकीय गणितानेच ठरवावे लागते. ही गणिते परस्परांशी जुळतात काय, हे पाहण्यासाठी अनेक संस्थांनी एकत्र येऊन ११ गणनपद्धती समान प्रश्नांवर तपासल्या. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ध्वनी एकवटण्याच्या जागेतील फरक साधारणतः एका मिलिमीटरच्या आत, तर दाबातील फरक दहा टक्क्यांच्या आत होता. हे काम ‘इट्रस्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाच्या पुढाकाराने झाले. याच गटाने मेंदूच्या तापमानातील वाढ दोन अंश सेल्सियसपेक्षा अधिक होऊ नये यांसारख्या सुरक्षामर्यादा सुचविल्या आहेत, आणि प्रत्येक निबंधात यंत्राची व ध्वनीची कोणती माहिती दिलीच पाहिजे याची सूचीही सिद्ध केली आहे. अशा कामाला वृत्तपत्रांत मथळे मिळत नाहीत. तथापि त्यावाचून एका ठिकाणचा निष्कर्ष दुसरीकडे पडताळणे अशक्य आहे.

यापुढे खरा धोका संभवतो तो घाईचा. सात माणसांवरील निष्कर्ष उत्साहवर्धक असला तरी तो उपचार नव्हे. नैराश्य, व्यसनाधीनता, जुनाट वेदना यांनी गांजलेल्या माणसाला आशेचा कोणताही किरण मोहवितो, आणि त्या मोहाचा व्यापार करू पाहणाऱ्यांची वाण कोठेच नसते. व्यापारी संस्थांनी भांडवल घालू नये असे म्हणणे अव्यवहार्य ठरेल. परंतु ध्वनीची मात्रा, फसलेले प्रयोग आणि दुष्परिणाम ही माहिती व्यावसायिक गुपित म्हणून दडवून ठेवण्याचा अधिकार त्यांना असता कामा नये. मेंदू हे माणसाच्या इच्छेचे आणि निर्णयाचे स्थान आहे. त्यात बाहेरून बदल घडविणारे साधन खाजगी गुपितांच्या आड वाढू देणे योग्य नव्हे.

श्राव्यातीत ध्वनीचा एक धडा आपण महाराष्ट्रात पूर्वीच शिकलो आहोत. गर्भाची प्रकृती पाहण्यासाठी आलेल्या सोनोग्राफीचा उपयोग मुलींचे गर्भ पाडण्यासाठी होऊ लागला, आणि १९८८ साली या राज्याला गर्भलिंग चाचण्यांच्या नियमनाचा कायदा करावा लागला. देशाचा कायदा त्यानंतर १९९४ मध्ये आला. दोन्ही वेळा नियम यंत्राच्या मागून आले, आणि मधल्या काळाची किंमत न जन्मलेल्या मुलींनी मोजली. मेंदूवरील प्रयोगांच्या बाबतीत संशोधक स्वतःच मर्यादा आखू लागले आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु त्यांची संमती म्हणजे कायदा नव्हे. या मर्यादांना कायद्याचे बळ देण्याचे काम सरकारांचे आहे, आणि ही यंत्रे दवाखान्यांत व घरांत पोहोचण्यापूर्वीच ते व्हावयास हवे.