मात

अडचणींवर मात, विरोधकांवर मात, आजारावर मात... रोजच्या पेपरात हा शब्द एकदा तरी भेटतोच. २०२०-२१ मध्ये तर 'आजीबाईंची करोनावर मात' असे मथळे सारखे दिसायचे. त्याचे भाऊबंद शह आणि काटशह. त्यांच्याशिवाय राजकारणाची बातमी पुरी होत नाही.

हे सगळे शब्द बुद्धिबळाच्या पटावरचे. खेळ मूळचा आपलाच, चतुरंग. तो इराणात गेला आणि परत येताना तिकडचे शब्द घेऊन आला. शाह म्हणजे राजा. 'शाह मात'चंच पुढे इंग्रजीत 'चेकमेट' झालं.

मात म्हणजे राजा मेला, असं बरेच जण सांगतात, कारण अरबीत 'मात' म्हणजे मेला. पण फारसीत मातचा अर्थ हतबल झालेला. आणि पटावर बघा ना, राजा कधी मरतच नाही! प्यादी मरतात, हत्ती-घोडे मरतात, वजीरसुद्धा मरतो. राजाला शह बसला की उपाय तीनच: त्याने सरकायचं, मध्ये मोहरा घालायचा, नाहीतर शह देणारा मोहरा मारायचा. तिन्ही संपले की डाव संपला. राजा तिथेच उभा.

म्हणूनच आजाराच्या बाबतीत हा शब्द मला खटकतो. पटावर दोघांकडेही सारखे सोळा मोहरे असतात. आजारात कुठे असतात? कुणाचं निदान उशिरा होतं, कुणाकडे पैसे नसतात, कुणाला औषधच लागू पडत नाही. बऱ्या झालेल्याने 'मात' केली म्हणायचं, तर जो गेला तो काय नीट खेळला नाही?

माझी एक मावशी कॅन्सरने गेली. केमोची एक तारीख चुकवली नाही तिने. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "तुम्ही नक्की मात करणार!" पुढे पुढे तर तब्येत बिघडली हे सांगायचीच तिला लाज वाटायला लागली. जणू काही तीच कमी पडत होती.

शब्द चांगला आहे, वापरूया की. प्रतिस्पर्ध्यावर, अडचणींवर खुशाल मात करा. आजारी माणसाला मात्र "आज कसं वाटतंय?" एवढं विचारलं आणि उत्तर ऐकायला थोडा वेळ बसलं, तरी पुष्कळ झालं.