दोन तारांचा अबोला

‘इंजिनाच्या नियंत्रकाशी संपर्क तुटला’ एवढाच निरोप स्कॅनरच्या पडद्यावर उमटतो. संकेतांक ‘यू ०१००’. वसमतच्या बाजारात हळदीची पोती उतरवून परतणारी पिकअप गाडी वाटेत बंद पडते, ती ओढून गॅरेजात आणली जाते आणि या एका ओळीवरून अनेकदा थेट ‘ईसीयू’ बदलण्याचा निर्णय होतो. ही पेटी महाग; शिवाय नवी पेटी गाडीशी जुळवून देण्याचे काम अधिकृत सेवाकेंद्राबाहेर सहसा होत नाही. एवढा खर्च होऊनही तोच संकेतांक पुन्हा उमटला, तर आश्चर्य वाटू नये. कारण दोषी कोण, हे तो सांगतच नाही. दुसऱ्या एखाद्या नियंत्रकाने ठराविक वेळ वाट पाहिली आणि इंजिनाकडून काहीच ऐकू आले नाही, इतकीच ती तक्रार असते.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा ग्रामीण रस्त्यांवरील बहुतेक डिझेल गाड्यांच्या इंजिनांना संगणकाची गरज नव्हती. १ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज-६’ मानके लागू झाली आणि नव्या गाडीपुरते हे चित्र पूर्ण पालटले. इंजिन, ब्रेक, चालकासमोरील फलक, धुराड्यातील संवेदक यांचे नियंत्रक परस्परांशी अखंड बोलत असतात. हे संभाषण ज्या ‘कॅन’ पद्धतीने चालते, ती जर्मनीच्या ‘बॉश’ कंपनीने १९८६ मध्ये जगासमोर मांडली. एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारा, एवढाच तिचा देह. शांत असताना दोन्हींवर सुमारे अडीच व्होल्ट. कोणी बोलू लागले की एक साडेतीनकडे चढते, दुसरी दीडकडे उतरते. तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो.

निदानाची किल्ली या साध्या रचनेतच आहे. पहिली गोष्ट म्हणजे केवळ इंजिनाचे नव्हे, तर सर्व नियंत्रकांचे संकेतांक वाचावेत आणि कोण कोणाविषयी तक्रार करतो ते पाहावे. सगळे मिळून एकाच्याच नावाने ओरडत असतील, तर त्या एकाचा वीजपुरवठा, फ्यूज, अर्थिंग किंवा त्याच्याकडे जाणारी तारेची फांदी तपासावी. प्रत्येकजण प्रत्येकाविषयी तक्रार करत असेल, तर मुख्य तारांतच बिघाड असण्याची शक्यता अधिक. मग बॅटरी सोडवून, स्कॅनर जोडण्याच्या सॉकेटमधील ६ व १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये मल्टिमीटर लावावा. बहुतेक हलक्या वाहनांत कॅनच्या तारा तेथेच येतात. साधारण ६० ओहम आले तर दोन्ही रोधक जागेवर आहेत. १२० आले तर कोठेतरी तार तुटली वा एक रोधक निकामी झाला. शून्याजवळ आले तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या. (काही गाड्यांत हे सॉकेट मध्यस्थ नियंत्रकाच्या आड असते, तेथे हे गणित चालत नाही.) रोध योग्य असूनही मौन सुटत नसेल, तर एकेक नियंत्रक सोडवत जावे. ज्याला सोडवताच बाकीचे बोलू लागतात, संशय त्याच्यावर किंवा त्याच्या फांदीवर.

या तपासात पेटी निर्दोष ठरून दोष दुसरीकडेच सापडतो, असे पुष्कळदा घडते. चॅसीवरील गंजलेला अर्थिंगचा बोल्ट, पावसाळी चिखलाने हिरवटलेली जोडणी, उंदराने कुरतडलेले वायरिंग किंवा जादा दिव्यांसाठी भलत्याच तारेतून ओढलेली वीज. बॅटरी न सोडवता हौद्याला केलेले वेल्डिंग मात्र पेटीचाच बळी घेऊ शकते. अशक्त बॅटरीमुळे स्टार्टर मारताना व्होल्टेज कोसळते, तेव्हाही हेच संकेतांक क्षणभर नोंदले जातात.

मल्टिमीटर काहीशे रुपयांत मिळतो, आणि हिंगोलीच्या मिस्त्रींच्या हाताला कौशल्याची वाण नाही. अडते ते त्या गाडीच्या वायरिंगच्या आराखड्यापाशी. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, तो याच कारणासाठी. स्वतंत्र गॅरेजांना सुटे भाग आणि निदानाची साधने नाकारून या कंपन्या स्पर्धेला बाधा आणतात, असा आयोगाचा निष्कर्ष होता. कंपन्यांनी आदेशाला आव्हान दिले आणि प्रकरण अपिलांत रेंगाळले. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. युरोपीय संघाने दुरुस्तीची माहिती स्वतंत्र दुरुस्तीकारांना देण्याचे बंधन २००७ च्या नियमानेच घातले होते.

पुण्या-मुंबईच्या ग्राहकाला ही अडचण फारशी जाणवत नाही. एक सेवाकेंद्र नाही तर दुसरे. सेनगाव वा औंढा नागनाथकडच्या वाहनधारकाला मात्र गाडी ओढून नांदेड गाठावे लागले, तर दुरुस्तीआधीच दिवसाची कमाई जाते. ट्रॅक्टरही आता या वाटेवर आहेत. ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून कडक उत्सर्जन मानके लागू झाली. देशात विकले जाणारे बहुसंख्य ट्रॅक्टर या मर्यादेखाली असल्याने गॅरेजांना थोडी उसंत मिळाली आहे, इतकेच.

दरम्यान, दुरुस्ती आवाक्याबाहेर गेली की पळवाटेचा बाजार वाढतो. धुराड्यातील संवेदकाचे खोटे निरोप तारांवर पाठवून इंजिनाला फसवणारी उपकरणे युरोपातील ट्रकांत सर्रास सापडली. तुटलेली तार शोधण्यापेक्षा असे उपकरण बसवणे स्वस्त पडू लागले, तर प्रदूषणाची मानके कागदावरच राहतील आणि तक्रार नोंदवणारा स्कॅनरही गप्प बसेल.