स्पितीत एक दिवस गाडीतून उतरा

हिमाचलातल्या स्पितीला निघालेल्या मंडळींना एक कळकळीची विनंती आहे. काझ्याहून सकाळी गाडी करून लांगझा, हिक्किम आणि कोमिक ही तिन्ही गावं फोटो काढत उरकू नका. आदल्या रात्री लांगझात एखाद्या घरी मुक्काम करा, सकाळी निघा आणि चालत जा. सावकाश चाललात तरी दिवस मावळायच्या आत कोमिकला पोचाल. परतीची गाडी तिथे बोलावून ठेवा.

आधी उंचीचं बोलू. लांगझा साधारण 4,400 मीटरवर आणि कोमिक 4,587 मीटरवर आहे. आपलं कळसूबाई 1,646 मीटर. राजगड-तोरणा एका दमात करणाऱ्यांनाही इथे पन्नास पावलांवर धाप लागते, कारण हवेचा दाबच समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहून कमी असतो. त्यात तयारीचा काही दोष नाही. म्हणून मनालीहून एकदम वर चढण्यापेक्षा शिमला-किन्नौरमार्गे हळूहळू या आणि काझ्यात दोन दिवस तरी काढा. डोकं ठणकू लागलं, मळमळलं, तर वर जायचं नाही. त्रास वाढला तर लगेच खाली उतरायचं. ‘एवढ्या लांब आलोय तर जाऊच’ हा हट्ट इथे जिवावर बेतू शकतो.

लांगझात दरीकडे तोंड करून बसलेली बुद्धाची मोठी मूर्ती आहे आणि मागे 6,303 मीटर उंचीचं चाऊ चाऊ कांग निल्डा शिखर. मूर्तीपाशी सगळेच थांबतात. तुम्ही जरा खालच्या उतारावरही बघा. काळपट, गोलसर दगड दिसतील. एखादा फुटलेला असला तर आत नीट रेघारेघांची गुंडाळी दिसते. तो टेथिस समुद्रातल्या अमोनाइट या प्राण्याचा जीवाश्म. हिमालय उभा राहण्यापूर्वी इथे समुद्र होता, त्याची ही खूण. आपल्या देवघरात पूजला जाणारा, नेपाळातल्या गंडकीचा शाळिग्राम याच कुळातला. हातात घ्या, बोट फिरवून बघा आणि होता तिथे ठेवा. गावातली पोरं विकायला आणतील, तरी घेऊ नका. त्यांच्याशी बोला, त्यांच्याकडून गावाची माहिती घ्या, पण त्या दगडांचा बाजार आपल्या पैशांनी वाढायला नको.

पुढे वाटेत वाटाण्याची आणि जवाची शेतं लागतात. त्यांना पाणी मिळतं ते बर्फ वितळून छोट्या पाटांनी आलेलं. ज्या वर्षी बर्फ कमी, त्या वर्षी पाण्याचे हाल. म्हणून मुक्कामाच्या घरी अंघोळीला बादलीभर गरम पाणी मागू नका, एक दिवस हातपाय धुऊन भागतं. कोरडा संडास असेल तर नाक न मुरडता वापरा. त्याचंच पुढे शेताला खत होतं.

हिक्किमचं पोस्ट ऑफिस 1983 पासून चालू आहे. घरच्यांना एक कार्ड टाका.

कोमिकला तांग्युद गोंपा, म्हणजे बौद्ध मठ आहे, साक्या पंथाचा. वाटेत मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत लागली तर ती उजव्या हाताला ठेवून पुढे जा, आपण देवळाला प्रदक्षिणा घालतो तशीच. गोंपात बूट बाहेर काढा. प्रार्थना चालू असली तर मागे गप्प बसा आणि विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नका. पुढे ताबोला जाणार असाल तर हे जास्तच पाळा. तिथला मठ 996 साली स्थापन झालेला आहे आणि आत मातीच्या भिंतींवर चित्रं आहेत. अजिंठा पाहिलेल्या माणसाला ती पाहून भरून येईल. आत फोटो काढायला मनाई आहे आणि ती योग्यच आहे. डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबा, मग चित्रं दिसू लागतात.

जेवण गावातल्याच घरी घ्या आणि ते सांगतील ते पैसे घासाघीस न करता द्या. पाण्याची बाटली घरून न्या, उकळलेलं पाणी भरून घ्या. बिस्किटांची, वेफर्सची रिकामी पाकिटं वरच्या गावात टाकू नका, काझ्यातही नको. शिमल्यापर्यंत आपल्याच सॅकमधून खाली आणा.