चीनची महासभा आणि पक्षाची मुठ्ठी

चीनच्या राज्यघटनेनुसार ‘नॅशनल पीपल्स काँग्रेस’ ही राज्यसत्तेची सर्वोच्च संस्था होय. राष्ट्राध्यक्षांची निवड करणे, पंतप्रधान ठरविणे व कायदे संमत करणे हे तिचेच अधिकार. सुमारे ३,००० प्रतिनिधींची ही महासभा दरवर्षी मार्चमध्ये बीजिंग येथे भरते. प्रत्यक्षात मात्र कोणते पद कोणाकडे जावे हे कम्युनिस्ट पक्षाचे श्रेष्ठी आधीच ठरवितात. महासभा ‘मम’ म्हणते.

पूर्वी थोडाफार मतभेद तरी उमटत असे. १९९२ साली थ्री गॉर्जेस धरणाच्या प्रस्तावाविरुद्ध १७७ मते पडली व ६६४ प्रतिनिधी तटस्थ राहिले. २०१८ साली राष्ट्राध्यक्षपदाची दोन कार्यकाळांची मर्यादा उठविण्यात आली, तेव्हा विरोधी मते अवघी २ होती. २०२३ साली शी जिनपिंग तिसऱ्यांदा निवडून आले ते २,९५२ विरुद्ध शून्य मतांनी.

पक्ष व शासन यांची फारकत करावी, असा विचार १९८७ च्या पक्ष-महाअधिवेशनात झाओ झियांग यांनी मांडला होता. १९८९ साली ते पदच्युत झाले व तो विचारही मागे पडला. २०१८ च्या घटनादुरुस्तीने पक्षाच्या नेतृत्वाला घटनेच्या पहिल्याच कलमात स्थान दिले. २०२४ साली मंत्रिमंडळाविषयीचा कायदा बदलून पक्षाचे नेतृत्व मानणे त्यावर बंधनकारक केले गेले. अधिवेशनाअखेर पंतप्रधानांनी पत्रकारांना सामोरे जाण्याची १९९३ पासूनची प्रथाही त्याच वर्षी बंद झाली.

ख्रिस्तसभेलाही याची झळ पोहोचते. २०१८ साली धर्मविषयक सरकारी कार्यालय पक्षाच्या ‘युनायटेड फ्रंट’ विभागात विलीन झाले. त्याच वर्षी बिशपांच्या नेमणुकीबाबत व्हॅटिकनने चीनशी हंगामी करार केला. २०२४ साली तो चार वर्षांसाठी वाढविण्यात आला. तरीही एप्रिल २०२३ मध्ये बिशप शेन बिन यांची शांघायला बदली व्हॅटिकनच्या संमतीवाचून झाली. पोप फ्रान्सिस यांनी श्रद्धावंतांच्या हितास्तव जुलैमध्ये तिला मान्यता दिली.

करार शासनाशी होतो, देखरेख मात्र पक्षाची असते. या पक्षाला जाब विचारील अशी संसद तेथे नाही. म्हणूनच तेथील श्रद्धावंतांची कोंडी केवळ धार्मिक प्रश्न नव्हे. सत्तेवर अंकुश नसल्याचा तो परिणाम आहे, असे आम्हांस वाटते.