व्रताला पदकाचा आधार कशाला?

घटस्थापना झाली, देव्हाऱ्यापुढे अखंड दीप तेवू लागला आणि बालाघाटाच्या कुशीतील आमच्या धारूर गावात घरोघरी नवरात्राच्या उपवासांना प्रारंभ झाला. कोणी नऊही दिवस धरतात, कोणी उठता-बसता करतात, कोणी केवळ फलाहारावर राहून योगेश्वरीच्या दर्शनास अंबाजोगाईला जाऊन येतात. गेली काही वर्षे या दिवसांत मोबाइलवरून एक निरोपही घरोघर फिरत असतो. उपवासाने शरीर शुद्ध होते हे एका जपानी शास्त्रज्ञाने सिद्ध केले, त्याबद्दल त्याला नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा उपवास करा आणि कर्करोगालाही पळवून लावा, असा त्याचा आशय. तो वाचून भाविक मन सुखावते. आम्हांसही प्रथम सुख वाटले. परंतु देवीपुढे बसून असत्याची री ओढणे बरे नव्हे, म्हणून या निरोपात खरे किती, हे पाहणे आम्हांस अगत्याचे वाटले.

ते शास्त्रज्ञ म्हणजे योशिनोरी ओसुमी. त्यांच्या पारितोषिकाची घोषणा ३ ऑक्टोबर २०१६ रोजी, नवरात्र चालू असतानाच झाली, एवढा योगायोग खरा. त्यांचा विषय होता पेशीचे ‘स्वभक्षण’, म्हणजेच ऑटोफॅजी. आपल्या देहातील प्रत्येक पेशीत जुने झालेले, मोडके भाग साचत असतात. पेशी त्यांच्याभोवती एक पडदा गुंडाळते, ते गाठोडे लयकारिकेत नेऊन टाकते, तेथील विकरे त्याचे विघटन करतात आणि सुटलेले घटक पुन्हा नव्या उभारणीस उपयोगी पडतात. घटस्थापनेपूर्वी गृहिणी घर झाडून-पुसून काढते आणि जुन्या लुगड्याची गोधडी शिवते, तसाच हा प्रकार होय. बेल्जियमचे ख्रिस्तियन द दूव यांनी १९६३ मध्ये या क्रियेस नाव दिले. पण ती चालविते कोण, हे कोडे पुढे कित्येक वर्षे तसेच राहिले.

ओसुमी यांचा जन्म १९४५ चा, फुकुओकाचा. टोकियो विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी १९७४ मध्ये मिळविली. पुढे काही वर्षे न्यूयॉर्कला काढून ते परतले, आणि स्वतःची लहानशी प्रयोगशाळा हाती आली तेव्हा १९८८ साल उजाडले होते. वय ४३. जेथे इतरांची गर्दी नाही तेथेच काम करावे, असा त्यांचा स्वभाव. त्यांनी पाव फुगविणारे साधे यीस्ट घेतले. ज्या यीस्टमध्ये विघटन करणारी विकरे नव्हती, ते त्यांनी उपाशी ठेवले आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. थोड्याच तासांत पेशीतील रिक्तिका लहान लहान गोल पिंडांनी भरून गेली. चूल पेटलेली नव्हती, म्हणून आत आणलेले सरपण दिसले! त्यानंतर हजारो बिघडलेल्या यीस्टमधून त्यांनी निवड केली आणि १९९३ मध्ये या क्रियेस आवश्यक अशी १५ जनुके जगापुढे मांडली. या कामाचा कोणास उपयोग होईल, हे तेव्हा कोणीही सांगू शकले नसते.

उपयोग पुढे दिसू लागला. त्यांच्याच प्रयोगशाळेत घडलेले नोबोरू मिझुशिमा आणि त्यांचे सहकारी यांनी २००४ मध्ये दाखविले, की ज्या उंदराच्या पिलांत ही क्रिया होऊ शकत नाही, ती जन्मल्यावर एका दिवसाच्या आत दगावतात. नाळ तुटली आहे आणि दूध अजून पुरेसे पोटात गेलेले नाही, अशा त्या अवघड वेळी बाळाची पेशी स्वतःचाच संचय मोडून त्याला तगविते. जगन्मातेच्या उत्सवात याहून हृद्य गोष्ट आम्हांस कोणती सांगता येईल?

महाराष्ट्रातही हा अभ्यास झाला आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत भूपेंद्र श्रावगे यांनी फळमाशीवर याच क्रियेचे संशोधन केले. त्यांच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१३ च्या निबंधात, या जनुकांपैकी एक जनुक पेशीतील इतर वाहतुकीसाठी आणि रक्तपेशींच्या घडणीसाठीही लागते, असे आढळले. एकेका जनुकाकडे अशी अनेक कामे असतात. ज्या विषयाची गुंतागुंत एवढी, तो एका ओळीच्या निरोपात कसा मावावा?

तेव्हा खरे ते असे. पारितोषिक यीस्टमधील या यंत्रणेच्या शोधाबद्दल मिळाले. एकादशी किंवा नवरात्र पाळणाऱ्या माणसांवर ओसुमी यांनी प्रयोग केलेला नाही. उपासमारीत पेशीचे स्वभक्षण वाढते हे खरे. परंतु माणसाने किती तास उपाशी राहिले असता कोणत्या अवयवात ते किती वाढते, याचे निश्चित माप अद्याप हाती नाही. कर्करोगाविषयी तर ही क्रिया दुधारी आहे: निरोगी पेशीचे ती रक्षण करते, पण वाढलेल्या गाठीतील पेशींनाही तगून राहण्यास साहाय्य करू शकते. शिवाय साबुदाण्याची खिचडी, रताळी आणि शेंगदाण्याचे लाडू यांनी भरलेल्या पोटास उपाशी कोण म्हणेल?

हे सांगण्यात उपवासाचा अधिक्षेप नाही. उपवास म्हणजे देवाच्या जवळ बसणे. त्याचे फळ भक्तीत आहे. त्यासाठी परदेशी पदकाची साक्ष काढणे म्हणजे आपल्याच श्रद्धेवर अविश्वास दाखविणे होय. आणि या साक्षीच्या भरवशावर घरातील मधुमेहाची गोळी घेणाऱ्या आजीस किंवा गरोदर सुनेस ‘विज्ञानही सांगते’ म्हणून आग्रह होणार असेल, तर तो निरोप पुढे पाठविणारा हात पापाचा धनी होईल. अशांनी वैद्यांस विचारावे. आई जगदंबा रागावत नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या मनास सलते. दसरा-दिवाळी झाली की आमच्या तालुक्यातील कितीतरी कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीस निघतात. त्यांच्या लेकरांना घडणारा उपवास कोणत्याही पंचांगात नसतो. पेशी स्वतःला खाऊन थोडा काळ निभावते, पण संचय सरल्यावर देह खंगतो. पोट भरलेल्यांनी भुकेची स्तुती करताना एवढे स्मरण ठेवावे.

ओसुमी यांच्यापासून घेण्याजोगे काही असेल, तर ती त्यांची निष्ठा. फळाची वाट न पाहता वर्षानुवर्षे एका सूक्ष्मदर्शकापुढे बसणे, यास आपल्याकडे तपच म्हणतात. या नवरात्रात आपले व्रत श्रद्धेने करावे, त्यांचे श्रेय त्यांच्यापाशी राहू द्यावे, आणि आपल्या उपवासाने वाचलेला एक शिधा निघालेल्या एखाद्या बैलगाडीत ठेवावा. देवीपर्यंत तो खात्रीने पोहोचेल.