पडद्यावरची अक्षरे

आमच्या आत्याबाईंचे वय आता ब्याऐंशी. कानांनी बरीच साथ सोडली असली तरी चष्म्याच्या आधाराने त्यांचे वाचन अव्याहत चालू आहे. गेल्या चातुर्मासात त्यांच्या नातीने आपल्या आवडत्या गायिकेच्या एका जुन्या भक्तिगीतावर घरच्या घरी व्हिडिओ तयार केला. सूरसागर तलावाची, दांडिया बाजारातील जुन्या घरांची छायाचित्रे आणि त्यांखाली गाण्याचे शब्द. आजीला ऐकू आले नाही तरी गाणे वाचता यावे, हा हेतू. आत्याबाईंनी तो कौतुकाने पाहिला आणि हळूच म्हणाल्या, "अगं, सुत म्हणजे मुलगा. तू तर देवाच्या हाती सूत दिलंस!"

आम्ही हसलो खरे. पण मुलीचा चेहरा उतरला. तिचे शिक्षण गुजराती माध्यमातले, मराठी सारी कानांवाटे आलेली. आणि गाण्यात कानांवर विसंबणे फसवे असते. चालीच्या ओघात ऱ्हस्व अक्षर लांबते, दीर्घ आखडते. चिंतेवरचा अनुस्वार तेवढा निसटला की चिता पेटते! म्हणून शब्द ऐकून उतरवू नयेत, कवीच्या छापील संग्रहावरून पडताळून घ्यावेत, असे आम्ही तिला सुचविले. आमच्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या घरांत पुढच्या पिढीला ते गाणे कदाचित त्या पडद्यावरच प्रथम वाचावयास मिळणार आहे.

गाण्याखाली त्याच भाषेतले शब्द देण्याचे मोल गुजरातने पूर्वीच ओळखले आहे. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील ब्रिज कोठारी यांच्या पुढाकाराने १९९९ साली दूरदर्शनच्या 'चित्रगीत' कार्यक्रमात गुजराती चित्रपटगीतांचे शब्द गाण्याबरोबर रंग बदलत पडद्यावर येऊ लागले. ज्यांचे वाचन कच्चे होते त्यांना त्यातून नकळत सराव घडावा, ही त्यामागची कल्पना. आमच्या नातीचे मराठी वाचनही याच वाटेने सुधारले तर आनंदच आहे.

ती 'एजिसब' नावाचा विनामूल्य प्रोग्राम वापरते. त्यात प्रत्येक अक्षर केव्हा उजळावे याची वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत ठरविता येते. लांब आलाप असेल तेथे रंग सावकाश भरत न्यावयाचा. मात्र इंग्रजी अक्षरे सुटी असतात. आपली एकमेकांत गुंतलेली. जोडाक्षराच्या मधोमध वेळ तोडली की त्याचे दोन तुकडे होतात आणि पाय मोडलेले व्यंजन उघडे पडते. तिच्या पहिल्या प्रयत्नात 'स्वप्न' असेच भंगले होते. (स्वप्नांचे तसेही तेच होते म्हणा.) तेव्हा तोड अक्षर संपेल तेथेच घ्यावी. दुसरी अडचण 'वाऱ्या'ची. साधा र, हलन्त आणि य टंकित केल्यास रफार वर चढून बसतो व 'वार्या' असे विचित्र रूप दिसते. त्यासाठी खाली टिंब असलेला ऱ घ्यावा लागतो. फॉन्टही मराठी वळणाचा असावा, म्हणजे ल आणि श आपल्या पुस्तकांतल्यासारखे उमटतात. 'एक टाइप' या मुंबईच्या संस्थेचा 'मुक्त' हा फॉन्ट तिने निवडला आहे. तो विनामूल्य मिळतो. नक्षीदार, गिरक्या घेणाऱ्या अक्षरांचा मोह तिने प्रथम पुष्कळ केला होता. वृद्ध डोळ्यांना ती वाचता येत नाहीत, हे आत्याबाईंचे बोट पडद्यावर अडखळू लागल्यावर तिच्या आपोआप ध्यानी आले. आता एका वेळी दोनच ओळी, पांढरी अक्षरे, भोवती काळी कड.

एका गोष्टीवर मात्र आम्ही हटून बसलो. व्हिडिओच्या आरंभी गायिकेचे नाव होते, छायाचित्रकार म्हणून धाकट्या भावाचेही होते, कवीचे नव्हते. ज्याचे शब्द आपण अक्षर-अक्षर मोजून मांडतो, त्याचाच विसर पडावा? शिवाय कायद्याने गीतावरील हक्क कवीच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे राहतो, तेव्हा असे व्हिडिओ घरापुरतेच असलेले बरे.

नाव शोधण्यासाठी माळ्यावरच्या जुन्या तबकड्या खाली काढल्या. आत्याबाईंनी पदराने धूळ पुसून लेबल वाचले आणि मुलीने ते लिहून घेतले. या वेळी ऱ्हस्व-दीर्घ तिने दोनदा विचारले.