शेवटच्या वर्तुळात



डिसेंबरमधली गोष्ट. माझ्या आठवीच्या वर्गात दोन मुलं आहेत, पहिलीपासून एकाच बाकावर बसतात. एक दिवस पाहिलं तर एक खिडकीपाशी, दुसरा दाराजवळ. दुपारची खिचडी खायलाही वेगवेगळ्या ओळीत. दोघांना बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा खिडकीपाशी बसलेला मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, यानं मला उठवलं नाही."

मला वाटलं, सकाळी शाळेसाठी उठवलं नाही. म्हटलं, "तुझी आजी उठवत नाही का?" तर दारापाशी बसणारा खुदकन हसला आणि याच्या डोळ्यांत पाणी आलं. भानगड मोबाइलवरच्या खेळातली होती. गोळी लागून हा खाली पडला होता. अशा वेळी जोडीदार जवळ येऊन थोडा वेळ थांबला, की पडलेला पुन्हा उभा राहतो. जोडीदार आलाच नाही.

मुलांच्या भांडणाचं कारण समोर सांगूनही मला कळलं नाही, असं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच झालं. त्याच आठवड्यात घरच्या एका लग्नासाठी माझा भाचा पुण्याहून पालीला आला. कॉम्प्युटरचा डिप्लोमा करतो. त्याला म्हटलं, मला हे शिकव. "खाला, तुम और गेम?" म्हणून तो आधी पोटभर हसला. मग त्यानं माझ्या फोनवर एक खेळ उतरवून दिला. 'इंडस बॅटल रॉयल' त्याचं नाव. पुण्याच्याच सुपरगेमिंग या कंपनीनं बनवलेला, ऑक्टोबर २०२४ मध्ये बाजारात आलेला. येण्याआधीच एक कोटीहून जास्त लोकांनी त्यासाठी नाव नोंदवून ठेवलं होतं म्हणे. आठ-दहा दिवस मी तो रोज थोडा थोडा खेळले. शाळेत कोणाला सांगितलं नाही.

ज्यांना या खेळांची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बरेच खेळाडू एका मोठ्या मैदानात आकाशातून उतरतात. हात रिकामे. घरं, गोदामं धुंडाळून बंदूक, औषधं, चिलखत मिळवायचं. नकाशावर एक वर्तुळ असतं आणि ते लहान लहान होत जातं. बाहेर राहिलात तर मेलात. शेवटी जो टिकेल तो जिंकला. 'बॅटल रॉयल' हे नाव २००० सालच्या एका जपानी चित्रपटाचं. आयर्लंडच्या ब्रेंडन ग्रीन यांनी त्यावरून प्रेरणा घेऊन पब्जी घडवला आणि २०१७ पासून या प्रकाराचं वेड जगभर पसरलं. आपल्याकडे पब्जीवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली. त्याचा भारतीय अवतार २०२१ मध्ये आला, २०२२ मध्ये गेला, २०२३ मध्ये परत आला. फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली, पण त्याचाच 'मॅक्स' नावाचा भाऊ राहिला. बंदीनं आमच्या गावातल्या पारावर काही फरक पडलेला मी पाहिला नाही. पोरांनी एक खेळ सोडून दुसरा धरला, एवढंच.

आता पुण्याचा खेळ. पहिली गोष्ट, तो दिसायला आपला वाटतो. सिंधू संस्कृती लयाला न जाता पुढे वाढत गेली असती तर भविष्यात कशी दिसली असती, अशी त्यातली कल्पना आहे. मैदानाचं नाव विरलोक. पात्रांची नावं सर-ताज, मोर-नी, बिग-गज. बाहेरच्या देशातलं ओसाड बेट पाहण्यापेक्षा मला हे बरं वाटलं. मात्र कपडे आपले असले तरी नियम बहुतेक बाहेरचेच आहेत. उतरा, शोधा, मारा, वर्तुळात पळा. भविष्यातल्या सिंधू संस्कृतीला धान्याची कोठारं आणि गटारं आठवतील असं माझ्यातल्या इतिहासाच्या बाईला वाटलं होतं. असो.

खेळताना डोकं चालतं, हे मान्य केलं पाहिजे. मला वाटायचं पोरं नुसती बोटं दाबतात. तसं नाही. वर्तुळ कुठे सरकेल, आता निघायचं की अजून दोन घरं पाहायची, उघड्या रानातून जायचं की वळसा घालायचा, हे सारखं ठरवावं लागतं. नकाशा वाचावा लागतो. पावलांचा आवाज कुठल्या बाजूनं येतो ते ऐकावं लागतं. माझ्या वर्गातला जो मुलगा भूगोलाच्या तासाला नकाशावर उत्तर दिशा दाखवू शकत नाही, तो खेळात "ईशान्येला दोघं आहेत" असं बिनचूक सांगतो. हे ऐकून मी गप्प बसले. चूक कोणाची, त्याची की माझ्या तासाची?

या खेळातली एक गोष्ट मला मनापासून आवडली. सामन्याच्या अखेरीस 'कॉस्मियम' नावाचं एक दुर्मीळ द्रव्य मैदानात प्रकट होतं. ते ताब्यात घेतलं तरी जिंकता येतं. म्हणजे शेवटच्या माणसाला मारल्यावाचूनही विजय आहे. भाचा म्हणाला, "खाला, लेने जाओगे तो सब तुमपेच गोली चलाते." ते खरंच. मी दोनदा गेले, दोनदा पडले. पण सगळ्यांना संपवणं हाच एक रस्ता नाही, एवढी फट तरी कोणीतरी ठेवली.

त्याच खेळात दुसरी सोय आहे, ती वाचून मात्र मी फोन खाली ठेवला. आपल्याला ज्यानं मारलं त्याच्यावर खुन्नस धरता येते. पुढे तो सापडला आणि त्याला मारलं की त्याचं वेगळं बक्षीस. खेळणाऱ्याला यात मजा येते, हे कळतं. आपल्या गल्लीतल्या कबड्डीतही "उद्या बघतो तुला" असतंच. पण कबड्डीत ते रात्री झोपताना विसरायची मुभा असते. इथं ते लिहून ठेवतात. बांधावरून, नळावरून, निवडणुकीवरून धरलेल्या खुन्नशीत आमच्या भागातली किती घरं बसली, हे मी तुम्हाला सांगायला नको.

खेळ फुकट आहे. तसे हे सगळेच खेळ फुकट असतात. मग कंपनी चालते कशावर? पात्रांचे कपडे, बंदुकीचे रंग, नवनवे चेहरे विकून. त्यानं ताकद वाढतेच असं नाही, पण साध्या कपड्यातल्या पोराला बाकीचे 'नूब' म्हणजे नवशिका म्हणून चिडवतात. ईदला नवे कपडे नसलेल्या पोराची जी गत, ती इथं रोज. आणि वयाची अट? परत आलेल्या पब्जीच्या अवतारात अठरा वर्षांखालच्या मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली होती. तीन तास! एवढा वेळ तर माझ्या वर्गाला दिवसभरात मराठी, गणित आणि विज्ञान मिळून मिळत नाही. शिवाय फोन आजीच्या नावावर असला की पोरगं सत्तर वर्षांचं होतं.

मुलींचं विचारू नका. भावाचा खेळ संपून फोन चार्जिंगला लागला, की तेवढ्या वेळात त्यांनी गृहपाठाचा फोटो पाहायचा.

भाच्यानं जाता जाता आणखी एक खेळ दाखवला, 'धिस वॉर ऑफ माइन'. पोलंडच्या ११ बिट स्टुडिओजनं २०१४ मध्ये काढलेला, विकत घ्यावा लागतो. बोस्नियातल्या सारायेव्हो शहराला १९९२ पासून जवळपास चार वर्षं वेढा पडला होता, त्यावरून तो सुचलेला. त्यात आपण सैनिक नसतो. पडक्या घरात लपलेली काही साधी माणसं असतात. दिवसा बाहेर पडलं तर गोळी लागते, म्हणून रात्री एकानं जाऊन अन्न, लाकूड, औषध शोधून आणायचं. एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरातून अन्न चोरता येतं. चोरलं तर पोट भरतं, पण चोरणारा नंतर खचून जातो. पोलंडच्या सरकारनं २०२० मध्ये हा खेळ शाळांच्या पूरक वाचनाच्या यादीत घातला, मोठ्या वर्गातल्या मुलांसाठी. आठवीच्या मुलांना मी तो देणार नाही, फार जड आहे. पण टिकून राहणं म्हणजे काय, हे त्यात कळतं. आणि तो मध्येच थांबवता येतो.

हे शेवटचं मी मुद्दाम सांगते आहे. एका संध्याकाळी गॅसवर दूध ठेवून मी इंडस खेळत होते. दूध वर आलं. मी भाच्याला म्हटलं, "जरा थांबव." तो म्हणाला, "खाला, ये रुकता नहीं." समोर खरी माणसं खेळत असतात, ती आपल्यासाठी थांबत नाहीत. या प्रकारचे सगळे खेळ असेच. दूध उतू गेलं ते गेलंच, वर मी हरलेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. खिडकीपाशी बसणाऱ्या मुलाची आई. दोघांचेही आईवडील एकाच मुकादमाच्या टोळीत ऊसतोडीला गेले आहेत. पोरं इथं आज्यांजवळ. आई म्हणाली, "मॅडम, रातच्याला फोन केला की पोरगं कट करतंय. आजारी तर नाही ना?" दिवसभर तोडणी, मग मोळ्या बांधून गाडी भरायची, मग कोपीवर येऊन भाकरी. साडेआठ-नऊच्या आत तिला फोन करायला सवड नसते आणि त्यानंतर जागं राहायला अंगात बळ नसतं.

महिनाभरापूर्वी असता तर मी त्याला चार शब्द सुनावले असते. आता मला माहीत होतं, त्यानं आईचा फोन का कापला. फोन घेतला की खेळ मागे पडतो, तोवर कोणीतरी येऊन मारून जातो. मी त्याला विचारलं, "एक सामना किती मिनिटांचा?" तो चमकून माझ्याकडे पाहतच राहिला. मग त्यानं स्वतःच हिशेब केला, की आठनंतर नवा सामना सुरू केला नाही तर आईच्या वेळेला हात मोकळा राहतो.

मग मी दुसऱ्याला, दारापाशी बसणाऱ्याला, विचारलं, "त्या दिवशी तू याला का उठवलं नाहीस?"

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "माझ्या आईचा फोन आलता, मॅडम."

दोघं परत एका बाकावर बसतात. आठचा नियम दोन आठवडे टिकला आहे, निदान दोन्ही आज्या तसं सांगतात. खिडकीपाशी बसणाऱ्याच्या आजीचा फोन मात्र अजूनही कधी कधी संध्याकाळी सातलाच बॅटरी संपून बंद पडतो, आणि मग आई मला फोन करते.